लाल वही

ॲबर्डीनमध्ये बाळाबरोबर एक लाल वही देतात.
तिच्यात वजन, उंची, डोक्याचा घेर,
आणि छापील वक्ररेषा, ज्यांच्यावर
आरोग्यसेविका इश्बेल
दर भेटीला निळ्या पेनानं एक ठिपका ठेवायची.

माझं पोट अशाच रेषांवर चालतं.
समुद्राखालच्या विहिरींचा दाब कुठे मंदावला,
कुठल्या तारखेपासून रेषा आडवी व्हायला लागली,
ते मी कॉफी थंड व्हायच्या आत सांगतो.
आणि ऋजूच्या डोक्याच्या घेराचे पाच ठिपके
वर्षभर स्वयंपाकघरातल्या खणात
मेणबत्त्या, टेकअवेचे मेनू आणि सुतळीच्या गुंड्यासोबत
पडून होते.

सगळे म्हणायचे, किती गुणी बाळ.
रडणं नाही, हट्ट नाही,
ठेवलं तिथे बसतं.
ते कौतुक आम्ही पेढ्यासारखं वाटलं.
रांगली नाही, तेव्हा पल्लवी म्हणाली,
माझा भाऊही एकदम चाललाच होता.

दहाव्या महिन्यात ती चुरमुरे उचलायची,
एकेक, अंगठा आणि पहिलं बोट,
सोनाराच्या चिमट्यासारखी,
आणि तोंडाशी नेता नेता मला भरवायची.
खिडकीत येणाऱ्या सीगलला ती काऊ म्हणायची.
एवढा पांढरा, एवढा दांडगा,
लोकांच्या हातातले चिप्स पळवणारा काऊ!
आम्ही दुरुस्त केलं नाही.

तो शब्द कुठल्या दिवशी गेला, सांगता येत नाही.
शब्द जाताना दार वाजत नाही.
इतकंच आठवतं, की एका सकाळी काऊ आला,
काचेवर चोच आपटली,
आणि तिनं आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं,
शब्द मला सांभाळायला दिलाय अशी.

मग हात.
आधी चुरमुरे बोटांतून सांडले,
मग मुठीनं ओढले गेले,
मग वाटी नुसतीच समोर.
दोन्ही हात छातीशी येऊन एकमेकांत गुंतले,
चोळत, पिळत, झोप लागेपर्यंत.
व्हिडिओ कॉलवर सोलापूरची आत्या हसली,
अगं बाई, वाती वळतेय पोर!
आठवड्यानं ती हसेनाशी झाली
आणि फोनच्या पडद्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.
पल्लवी नको म्हणाली नाही.
मीही.

इथल्या समुद्री धुक्याला हार म्हणतात.
या शब्दाचे दोन अर्थ मी घरून आणले होते,
तिसरा इथे शिकलो.
निकालाच्या दिवशी हार इतका दाट,
की हॉस्पिटलची इमारत पाचव्या पावलावर दिसली.
डॉक्टरांनी नाव सांगितलं. रेट सिंड्रोम.
एका जनुकात एक अक्षर बदललंय,
तिच्यातच, नव्यानं.
पल्लवीनं तीनदा विचारलं,
म्हणजे आमच्या कुणाकडून नाही?
नाही.
नाही.
तिसऱ्यांदा डॉक्टरांनी नुसता हात धरला.

त्या रात्री खण उघडला. ठिपके जोडले, पट्टीशिवाय.
चौथ्यापाशी रेषा वाकलेली,
आणि शेजारी निळ्या पेनाचं बारीक प्रश्नचिन्ह,
केलेलं, खोडलेलं.
इश्बेलवरचा राग अर्धा तास टिकला.
दुसरा अजून आहे,
त्याच खणात ठेवलाय.

काल तिचे हात माझ्या हातांत घेतले,
वाती थांबेपर्यंत.
डावा तळहात हळूहळू उघडला,
ओलसर, चोळून चोळून लाल.
मी बोट टेकवून मोराला बोलावलं,
जसं माझ्या तळहातावर कुणी बोलावलं होतं.
मोर आला, बसला, त्याचं दाणापाणी झालं.
त्याच्या उडून जाण्याची ओळ
माझ्या तोंडातून निघेना.
ऋजूनं श्वास रोखला, तसा ती हल्ली रोखते,
मग सोडला,
आणि पापणी न हलवता
माझ्या ओठांकडे बघत राहिली.
पुढची ओळ तिला पाठ आहे.